ब्रिटनमध्ये घरासाठी भरवशाचा कार्पेट फिटर कसा शोधावा

ब्रिटनमध्ये घरातल्या गॅस बॉयलरला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेला असावाच लागतो. कार्पेट बसवणाऱ्याला असं काहीही लागत नाही. परवाना नाही, सक्तीची परीक्षा नाही. एक व्हॅन, एक धारदार सुरी आणि गुडघ्याने रेटायचं किकर जवळ असलं की कुणीही उद्या सकाळपासून कार्पेट फिटर म्हणून जाहिरात देऊ शकतो. त्यांच्यात बापाकडून कसब शिकलेले उत्तम कारागीर आहेत, तसेच चार व्हिडिओ पाहून धंद्यात उतरलेलेही आहेत. जाहिराती दोघांच्या सारख्याच दिसतात.

आपली आणखी एक पंचाईत असते. फरशीचं काम आपल्याला थोडंफार कळतं. बाथरूममध्ये पाणी ओतून उतार बघायचा, टाइल ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायचं, हे घरातल्या मोठ्यांना करताना आपण पाहिलेलं असतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट मात्र पुण्यात किंवा कोल्हापुरात कुणाच्या घरी असतं? इथे पहिलं घर घेतल्यावर ते एकदम गळ्यात पडतं. शिवाय नवं कार्पेट कुणीही बसवलेलं असो, पहिल्या दिवशी छानच दिसतं. वाईट काम काही महिन्यांनी उघडं पडतं. खोलीच्या मधोमध लाट उठते, दाराशी धागे सुटतात आणि जिन्यावर कार्पेट सैल होऊन पाय सरकतो. यातला शेवटचा प्रकार धोक्याचा आहे.

माझ्या मते फिटरची खरी परीक्षा तो माप घ्यायला येतो तेव्हाच होते. आपण त्याला काय विचारलं यापेक्षा त्याने आपल्याला काय विचारलं यावर जास्त लक्ष ठेवावं. पण त्याचे प्रश्न बरोबर आहेत की नाहीत हे कळायला आधी थोडा गृहपाठ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करू.

पायरी १ : दुकानात जाण्याआधी घराची जमीन पाहा

जुनं कार्पेट असेल तर खोलीचा एक कोपरा पक्कडीने धरून हळूच उचला. बोटं सांभाळा, कारण कडेला खिळ्यांची पट्टी असते. खाली लाकडी फळ्या आहेत की काँक्रीट, एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं. फळ्या असतील तर खोलीभर चालून कुठे करकरतात ते ऐका आणि तिथे खुणेची चिकटपट्टी लावून ठेवा. नवं कार्पेट पडल्यावर ती करकर तशीच राहते आणि तेव्हा दुरुस्ती महाग पडते. काँक्रीट असेल तर ओल आली आहे का पाहा. बुरशीचा वास, काळसर डाग, गंजलेले खिळे या त्याच्या खुणा. नव्याने ओतलेलं काँक्रीट किंवा स्क्रीड, म्हणजे काँक्रीटवरचा सिमेंट-वाळूचा सपाट थर, असेल तर घाई करू नका. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण एक दिवस असा सुकण्याचा ढोबळ हिशोब धरतात, तोही पहिल्या पन्नास मिलिमीटरपर्यंतच. जाणता फिटर तरीही हायग्रोमीटरने ओलावा मोजल्याशिवाय पुढे जात नाही. मोजलेली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली आली की काम सुरू करतात.

अॅस्बेस्टॉसचा, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा तंतुमय खनिजाचा, मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे इसवी सन २००० च्या आधी बांधलेल्या कोणत्याही घरात तो असू शकतो. कार्पेटखाली जुन्या, कडक, साधारण नऊ इंची चौकोनी टाइल्स आणि त्यांच्याखाली काळं डांबरी चिकटण दिसलं तर खरवडू नका, फोडू नका, सँडपेपर तर अजिबात लावू नका. तज्ज्ञ प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्या. टाइल्स शाबूत असतील तर बरेचदा त्या तशाच ठेवून वर काम करता येतं, पण त्यांत खिळे ठोकायचे नसतात. असल्या टाइल्स दाखवल्यावर जो फिटर “काढून टाकू हो दहा मिनिटांत” म्हणतो, त्याच्याशी बोलणं तिथेच संपवावं.

नव्या घरात जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या, म्हणजे अंडरफ्लोअर हीटिंग असेल तर कार्पेट आणि अंडरले (कार्पेटखाली अंथरायचा मऊ थर) दोन्ही मिळून २.५ टॉगपेक्षा जास्त असू नयेत. टॉग म्हणजे उष्णता अडवण्याचं माप. दुलईच्या पाकिटावर असतं तेच. दुकानात दोन्हींचे आकडे मागून बेरीज करा.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेला, फ्लॅट असेल तर लीज उघडून वाचा. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून खोल्यांत कार्पेट आणि अंडरले असलंच पाहिजे असं कलम पुष्कळ लीजमध्ये असतं.

पायरी २ : कार्पेटखालचं थोडं तंत्र समजून घ्या

खोलीच्या चारी कडांना लाकडाची अरुंद पट्टी ठोकतात. तिला ग्रिपर म्हणतात. तिच्यावर तिरक्या टाचण्या असतात आणि त्यांची टोकं भिंतीकडे झुकलेली असतात. ही पट्टी आणि भिंतीच्या तळाशी असलेला स्कर्टिंग बोर्ड यांच्यामध्ये कार्पेटच्या जाडीहून किंचित कमी फट ठेवतात. कार्पेट ताणून टाचण्यांवर अडकवायचं आणि कड त्या फटीत खोचून टाकायची. सगळी मदार या ताणावर असते. छोट्या खोलीत गुडघ्याच्या किकरने भागतं. मोठ्या हॉलमध्ये पॉवर स्ट्रेचर, म्हणजे एका भिंतीला टेकून दुसरीकडे रेटा देणारी लांब दांडी लागते. ती न वापरता मोठी खोली केली तर मघाशी म्हटलेली लाट उठते.

अंडरले ग्रिपरपर्यंत येतं, ग्रिपरवर चढत नाही. त्याचे सांधे टेपने जोडतात. दुकानात अंडरलेचा तुकडा पायाखाली ठेवून “बघा किती मऊ” म्हणतील. त्या मऊपणाला भुलू नका. जाडीइतकीच घनताही बघायची असते. बेडरूममध्ये दहा-अकरा मिलिमीटर जाड फोम सुखाचा वाटतो. जिन्यावर मात्र पातळ आणि घट्ट अंडरले हवं, कारण जाड फोम घातला की पायरीची पुढची कड गोल होते आणि पाय नीट टेकत नाही. जुनंच अंडरले ठेवून वर नवं कार्पेट टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते जिथे दबलं आहे तिथे नवं कार्पेटही लवकर झिजतं, आणि बरेच उत्पादक अशा वेळी हमी नाकारतात. जुनं ग्रिपर मात्र घट्ट, न गंजलेलं असेल तर ठेवता येतं. “हे चांगलं आहे, बदलायची गरज नाही,” असं स्वतःहून सांगणाऱ्या फिटरला एक गुण जास्त द्या.

आता रुंदी. इथे बहुतेक कार्पेट ४ किंवा ५ मीटर रुंदीच्या गुंडाळीत येतं. समजा तुमचा हॉल ४.३० मीटर रुंद आणि ५.२० मीटर लांब आहे. क्षेत्रफळ झालं २२.३६ चौरस मीटर. ५ मीटरच्या गुंडाळीतून, कापायला थोडी वाढ धरून ५.३० मीटर लांबी घेतली तर पैसे भरावे लागतील २६.५ चौरस मीटरचे. हा फरक लुबाडणूक नाही, अख्खा एकसंध तुकडा मिळवण्याची ती किंमत आहे. ४ मीटरच्या गुंडाळीत काम स्वस्तात होईल, पण कडेला चिंचोळी पट्टी जोडावी लागेल. कोटेशनमध्ये नेमके २२.३६ दिसले तर विचारा, “सांधा कुठे येणार?” सांधा वाईटच असतो असं नाही. चांगल्या हाताने गरम टेपवर जोडलेला आणि कडा लेटेक्सने बंद केलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो. पण तो दारासमोर किंवा रोजच्या वाटेवर नसावा, आणि जोडलेल्या दोन्ही तुकड्यांची लव, म्हणजे वरचे उभे धागे, एकाच दिशेला झुकलेली असावी. तसं नसेल तर एकाच गुंडाळीतले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. नक्षीचं कार्पेट असेल तर नक्षी जुळवायला आणखी जास्त कापड लागतं.

कार्पेट कशाचं घ्यावं हा या लेखाचा विषय नाही, तरी मराठी घरापुरतं एक सांगतो. पॉलिप्रोपिलीनवर हळदीचा डाग पडला तर बऱ्याच प्रकारांत पातळ केलेल्या ब्लीचने तो जातो. लेबल मात्र आधी वाचा. लोकरीवर ब्लीच चालत नाही. उलट उदबत्तीची ठिणगी पडली तर पॉलिप्रोपिलीन वितळून कायमचं भोक पडतं, लोकर निव्वळ करपते आणि घासून निघते. देवघर कोणत्या खोलीत आहे त्यावर ठरवा.

पायरी ३ : नावं गोळा करा

सगळ्यात आधी जवळच्या स्वतंत्र कार्पेटच्या दुकानात जा. मोठ्या साखळीतलं नको. रस्त्यावर वर्षानुवर्षं उभं असलेलं, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं हवं. अशा दुकानाचे दोन-तीन ठरलेले फिटर असतात आणि वाईट काम झालं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं, हे मालकाला ठाऊक असतं. त्याला सरळ विचारा : फिटर तुमचे पगारी आहेत की स्वतंत्र? किती वर्षं तुमच्याबरोबर आहेत? माझ्याकडे नेमका कोण येणार?

दुसरा रस्ता शेजाऱ्यांचा. नव्या वसाहतीत शेजारच्या घराचा जिना तुमच्यासारखाच वळलेला असतो, तेव्हा त्यांचं काम पाहणं म्हणजे तुमचंच काम आधी पाहून घेणं. स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्स इथल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर विचारलं तर दहा मिनिटांत पाच नंबर येतील. पण “मस्त आहे, आमच्याकडे केलं त्याने” याचा अर्थ कित्येकदा “स्वस्त होता आणि वेळेवर आला” एवढाच असतो. काम कधी केलं, जिना केला होता का, आणि आम्ही चहाला येऊन बघू का, हे तीन प्रश्न विचारा. वर्ष उलटलेलं काम पाहायला मिळालं तर त्याहून चांगला दाखला नाही.

तिसरा रस्ता संस्थांचा. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कार्पेट अँड फ्लोअरलेयर्स, म्हणजे एनआयसीएफ, ही या धंद्यातली संस्था. तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. एखादा फिटर सदस्य नाही म्हणून तो वाईट ठरत नाही, पण तो सदस्य असल्याचं सांगत असेल तर संस्थेकडे पडताळून पाहा. ट्रस्टमार्क ही सरकारमान्य योजना आहे आणि ‘बाय विथ कॉन्फिडन्स’ ही योजना ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या, म्हणजे कौन्सिलच्या ग्राहक संरक्षण खात्याच्या, वतीने चालते. चेकाट्रेड किंवा मायबिल्डरसारख्या संकेतस्थळांवर कारागीर पैसे देऊन येतात, हे लक्षात ठेवून वापरा. तिथले अभिप्राय वाचताना ‘खूप छान, स्वच्छ काम’ हे सोडून द्या. काही बिघडल्यावर माणूस परत आला का, यावर कुणी लिहिलं आहे ते शोधा. तक्रारीला त्याने दिलेलं उत्तरही वाचा. गिऱ्हाइकाशी भांडणारा फिटर तुमच्याशीही भांडेल.

तीन नावं पुरेत. त्याहून जास्त माणसं बोलावली की शेवटी निवड किमतीवरच होते.

पायरी ४ : माप घ्यायला आल्यावर नीट पाहा

इस्टेट एजंटच्या नकाशावरून फोनवर अंदाज घ्यायला हरकत नाही, पण घरी न येता पक्की किंमत देणाऱ्याला काम देऊ नका. त्या नकाशात भिंतीचा कोनाडा, बे विंडो, दाराची चौकट यांची खरी मापं नसतात.

चांगला फिटर आला की मोजपट्टी काढण्याआधी जमिनीकडे बघतो. कोपरा उचलून खाली काय आहे ते पाहतो. टाचेने दोन-चार ठिकाणी दाबून बघतो. प्रत्येक दार उघडून-मिटून त्याखालची फट तपासतो, कारण जाड अंडरले आणि दाट कार्पेट आलं की दार घासणार. खोलीची रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजतो, कारण इथल्या जुन्या घरांतल्या भिंती समांतर असतीलच असं नाही. माप दाराच्या चौकटीच्या आतपर्यंत घेतो, चौकटीच्या अलीकडे थांबत नाही. मग कागदावर आराखडा काढून त्यात लवेची दिशा बाणाने आणि सांधा असल्यास रेघेने दाखवतो.

आणि तो विचारतो. घर कधीचं आहे? हीटिंगच्या नळ्या कुठून जातात? (दाराजवळ ग्रिपर ठोकताना खिळा नळीत जाणं हा या धंद्यातला नेहमीचा अपघात, म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्यावर माझा चटकन विश्वास बसतो.) अंडरफ्लोअर हीटिंग आहे का? घरात मांजर आहे का? असेल तर वळ्यांच्या विणीचं कार्पेट घेऊ नका, नखांनी धागा ओढला की रांगच्या रांग सुटते. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील जिना वापरतात का? पलंग, कपाटं कोण हलवणार? व्हॅन कुठे लावायची, परमिट लागतं का? फ्लॅट असेल तर चार मीटर लांबीची गुंडाळी लिफ्टमध्ये मावणार का, की जिन्यावरून वळवायची?

हे सगळे प्रश्न कुणीच विचारणार नाही. पण एकही न विचारता दहा मिनिटांत मोजून “काही काळजी नको, सगळं होईल” म्हणणाऱ्याचं नाव यादीतून काढा.

तुमच्या बाजूने जिन्याबद्दल खोलात विचारा, कारण फिटरचं कसब जिन्यावरच कळतं. दोन पद्धती आहेत. वॉटरफॉलमध्ये कार्पेट पायरीच्या पुढच्या कडेवरून सरळ खाली सोडतात. कॅप अँड बँडमध्ये ते कडेखाली दुमडून घट्ट बसवतात. दुसऱ्या पद्धतीला वेळ आणि पैसा जास्त लागतो, पण पायरी रेखीव दिसते. कोणती किंमत कोणत्या पद्धतीची, हे स्पष्ट करून घ्या. जिन्यावर लव खालच्या दिशेने झुकलेली असावी. वळणावरच्या तिरक्या पायऱ्या प्रत्येकी वेगळ्या कापाव्या लागतात. तुमच्या जिन्याला अशा पायऱ्या असतील तर फिटरकडून तसल्या जिन्याचे फोटो मागा.

दारं घासली तर ती कोण कापणार, हेही याच वेळी ठरवा. पुष्कळ फिटर दार काढून परत लावतात, पण कापत नाहीत, मग ऐनवेळी सुतार शोधत बसावं लागतं. फ्लॅटचं मुख्य दार बहुधा फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार असतं, त्याला परस्पर करवत लावू देऊ नका.

शेवटी विम्याचं विचारा. पब्लिक लायबिलिटी विम्याचं प्रमाणपत्र दाखवायला प्रामाणिक माणसाला दोन मिनिटं लागतात. फिटरच्या चुकीने पाणी गळून खालच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर भरपाई या विम्यातून मिळते.

पायरी ५ : करार नेमका कुणाशी, ते ओळखा

बहुतेक भांडणं या ठिकाणी सुरू होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

दुकानाच्या काचेवर ‘मोफत फिटिंग’ लिहिलेलं असतं. फिटरची मजुरी अर्थातच कार्पेट किंवा अंडरलेच्या किमतीत मिसळलेली असते, त्यात चुकीचं काही नाही. घोळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. दुकानदार कार्पेट विकतो आणि म्हणतो, “फिटर आमचाच आहे, त्याचे पैसे त्यालाच द्या, रोख.” ऐकायला सोयीचं वाटतं, पण आता तुमचे दोन करार झाले. माल दुकानाचा, मजुरी फिटरची. तीन महिन्यांनी लाट उठली की दुकान म्हणेल बसवण्यात चूक आहे आणि फिटर म्हणेल मालात चूक आहे. तुम्ही मध्ये.

कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ नुसार काम वाजवी काळजी आणि कौशल्याने झालंच पाहिजे. ज्याने माल विकला त्यानेच करारानुसार तो बसवला किंवा बसवून घेतला आणि बसवण्यात चूक झाली, तर मालच करारानुसार नाही असं धरलं जातं. म्हणून माल आणि बसवणं एकाच पावतीवर, एकाच नावाने असावं. दोन पैसे जास्त गेले तरी मी हाच मार्ग घेईन. ओळखीचा, पारखलेला स्वतंत्र फिटर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा माल कोणता घ्यायचा हे त्यालाच विचारून ठरवा आणि आलेली गुंडाळी कापण्याआधी त्याने तपासली आहे असं लिहून घ्या.

कोटेशन लेखी हवं, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर चालेल. त्यात कार्पेटचं नाव, रंग, गुंडाळीची रुंदी, अंडरलेचा प्रकार आणि जाडी, ग्रिपर नवं की जुनं, दाराच्या पट्ट्या किती आणि कशाच्या, जिन्याची पद्धत, जुनं कार्पेट काढणं, फर्निचर हलवणं, तारीख आणि २० टक्के व्हॅट धरला आहे की नाही, एवढं असावं. लहान फिटर बहुधा व्हॅटसाठी नोंदलेले नसतात, त्यामुळे त्यांची किंमत कमी दिसणं स्वाभाविक आहे. तिन्ही कोटेशनं सारख्याच अंडरलेवर मागवली नाहीत तर तुलना करण्यात अर्थ नाही. ‘अंडरले समाविष्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते सर्वांत हलकं असणार असं धरून चाला.

जुन्या कार्पेटचं काय होणार हेही विचारा. कचरा नेणाऱ्याची नोंदणी असावी लागते आणि इंग्लंडमध्ये ती एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या सार्वजनिक यादीत तपासता येते. तुमचं कार्पेट कुणी रानात नेऊन टाकलं आणि तुम्ही नोंदणी पाहिलेली नसली, तर दंड तुम्हालाही होऊ शकतो, इंग्लंडमध्ये ६०० पौंडांपर्यंत. हमाली करायची तयारी आणि वेळ असेल तर स्वतःच कापून, गुंडाळून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर नेलेलं बरं.

पायरी ६ : पैसे

कार्पेट मागवावं लागतं, म्हणून अनामत मागणं रास्त आहे. पूर्ण रक्कम आगाऊ मागणं मात्र नाही. अनामत क्रेडिट कार्डाने भरा. कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत दुकानाबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार असते, अगदी अनामतच कार्डावर भरली असली तरी. दुकान बंद पडलं तर हाच आधार उरतो. मोठं नाव म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०२४ च्या जुलैत कार्पेटराइटसारखी देशभर पसरलेली साखळी कर्ज फेडता न आल्याने प्रशासकांच्या ताब्यात गेली, आणि टॅपी या दुसऱ्या कार्पेट साखळीने तिचं नाव आणि तिच्या दुकानांपैकी ५४ दुकानं विकत घेतली.

तुमच्या मापाने कापून घेतलेल्या कार्पेटला चौदा दिवसांत करार रद्द करायची सवलत साधारणपणे लागू होत नाही. म्हणून नमुन्याचा तुकडा आधी घरी आणा आणि दिवसाच्या उजेडात व रात्रीच्या दिव्याखाली, दोन्ही वेळा बघा. उरलेली रक्कम काम पाहून झाल्यावरच द्या. स्वतंत्र फिटरला रोख दिली तर पावती घ्या, तारीख आणि पत्त्यासह.

पायरी ७ : बसवण्याचा दिवस

आदल्या दिवशी कपाटांतलं सामान काढा, पलंग सुटे करा, टीव्ही-राउटरच्या तारा सोडवून ठेवा. रंगकाम कार्पेटच्या आधी उरकलेलं असावं. स्कर्टिंगला थोडे ओरखडे येतातच, म्हणून उरलेला रंग डबीत ठेवा. हिवाळा असेल तर घर नेहमीसारखं उबदार ठेवा, थंडीत कडक झालेलं कार्पेट नीट ताणलं जात नाही.

गुंडाळी आली की कापण्याआधी लेबल वाचा आणि रंग नमुन्याशी ताडून पाहा. एकदा सुरी लागली की माल परत जात नाही. अंडरले तुम्ही ठरवलेलंच आहे का हे तेव्हाच बघा, नंतर ते दिसणार नाही. एक फोटोही काढून ठेवा. त्यानंतर मात्र फिटरच्या डोक्यावर उभे राहू नका. चहा विचारा आणि दुसऱ्या खोलीत जा. नळ्या, तारा कुठे आहेत तेवढं पुन्हा एकदा सांगा.

पैसे देण्याआधी एक फेरी मारा. भिंतीच्या कडेने हात फिरवा, कड कुठे सुटता कामा नये. सांध्यावर तिरपा उजेड पाडून बघा. सगळी दारं उघडा. जिन्याची प्रत्येक पायरी, विशेषतः पुढची कड, पायाने दाबा; कार्पेट जरासुद्धा सरकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. रेडिएटरच्या नळ्यांभोवतीचा काप नीटस आहे का पाहा. मोठे उरलेले तुकडे तुमचे आहेत, ते ठेवून घ्या. जळल्या-फाटल्या जागी ठिगळ लावायला त्याच गुंडाळीतला तुकडा लागतो.

त्या रात्री हीटिंग चालू करा आणि पुढचा आठवडाभर बॉयलरच्या दाबाचा काटा पाहत राहा. तो सारखा उतरत असेल तर खिळा नळीत गेल्याची शंका घ्या आणि लगेच फोन करा. पाणी वर दिसेपर्यंत थांबू नका.

पायरी ८ : नंतर काही बिघडलं तर

काही गोष्टी बिघाड नसतात. लोकरीचं कार्पेट पहिले काही आठवडे धागे सोडतं आणि व्हॅक्यूमची पिशवी भरत राहते. गुंडाळीतल्या घड्यांच्या रेषा हळूहळू जातात. लव एकीकडे झुकून फिके-गडद पट्टे दिसणं हेही नेहमीचं आहे.

लाट उठणं, सांधा उघडणं, जिन्यावर सैल पडणं ही मात्र कामातली चूक असू शकते. फोटो काढा, त्यात तारीख आणि मोजपट्टी दिसू द्या, आणि ज्याच्याशी करार आहे त्याला लेखी कळवून पुन्हा ताणून द्यायला सांगा. चांगला फिटर येऊन तासाभरात हे विनातक्रार करून जातो. टाळाटाळ झाली तर ठराविक मुदत देऊन दुसरं पत्र लिहा. मग इंग्लंड-वेल्समध्ये सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. गरज पडल्यास ते प्रकरण ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे पाठवतात. कार्डाने पैसे भरले असतील तर कार्ड कंपनीकडे कलम ७५ चा दावा करा. चूक मालात की बसवण्यात हाच वाद असेल तर स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्यावा लागतो. त्याचा खर्च आधी तुमच्या खिशातून जातो, म्हणून काम हजारांत असेल तेव्हाच तो परवडतो. छोट्या दाव्यांच्या न्यायालयात इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंत आणि स्कॉटलंडच्या सिंपल प्रोसिजरमध्ये ५,००० पौंडांपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो. तिथे कोटेशनचा ईमेल, पावती, अंडरलेचा फोटो आणि तुमची दोन्ही पत्रं जोडा.